रिपोर्ट नॉर्मल, माणूस जमिनीवर

२०२३च्या मार्च ते जून या चार महिन्यांत माझ्या बायकोला सहा डॉक्टरांनी तपासलं. सहाही जणांच्या कागदावर तक्रारीच्या जागी एकच शब्द आहे : ‘गिडीनेस’. आणि निष्कर्षही थोड्याफार फरकाने एकच : सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, कारण सापडत नाही. त्याच चार महिन्यांत ती एकदा शाळेच्या जिन्यात मटकन खाली बसली, एकदा ओट्याला धरून घसरत फरशीवर आली, आणि एकदा पोवई नाक्याजवळ स्कूटरसकट आडवी झाली. मागून येणारा टेम्पोवाला सावध होता म्हणून आज हा लेख चिडून लिहिता येतोय.

‘कारण सापडत नाही’ या वाक्याविरुद्ध हा लेख आहे. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेविरुद्ध नाही, आणि डॉक्टर नावाच्या जमातीविरुद्धही नाही. ‘सापडत नाही’ हे शोधून झाल्यावर म्हणायचं वाक्य आहे. आमच्याकडे ते शोधण्याऐवजी म्हटलं गेलं. तिला काय होत होतं हे शेवटी कळलं ते दोनशे पानी वही, आईचा ग्लुकोमीटर आणि घरातलं बीपीचं मशीन यांतून. हे सगळं मी करू शकलो याचा मला अभिमान वाटत नाही. मला ते करावं लागलं याचा संताप येतो.

आधी शस्त्रक्रियेबद्दल, कारण त्याशिवाय काही मंडळी पुढचं वाचणारच नाहीत. ‘सोपा मार्ग निवडला की असं होणारच’ हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की ते आता मला झोपेतही ऐकू येतं. बायको शाळेत शिक्षिका आहे. २०२१ साली ती ४२ वर्षांची होती, वजन ११८ किलो, रक्तदाबाच्या दोन गोळ्या, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि झोपेत श्वास अडकायचा. मी रात्री जागा राहून तिचा श्वास पुन्हा सुरू व्हायची वाट बघायचो. तोवर तिने सगळं करून पाहिलं होतं : चालणं, भात बंद, गव्हाचं सगळं बंद, दिवसातून दोनदाच जेवणं, काढे. दरवेळी दहाबारा किलो उतरायचे आणि पंधरा चढायचे. याला आळस म्हणणाऱ्यांनी एकदा तरी शंभर किलोंच्या शरीराने वर्गात पाच तास उभं राहून शिकवून बघावं.

शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, हेही स्वच्छ सांगतो. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. अशी शस्त्रक्रिया झालेल्या लठ्ठ माणसांमध्ये ती न झालेल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, हा त्याचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. आमच्या घरातला पुरावा असा, की चार महिन्यांत तिचा झोपेतला श्वास अडकायचा थांबला आणि मला कित्येक वर्षांनी सलग झोप लागली. त्यामुळे ‘बघा, तरी सांगत होतो’ म्हणायला टपून बसलेल्यांनी दुसरीकडे जावं. झालं ते शस्त्रक्रियेमुळे झालं, हे खरं. पण त्याला चार महिने नाव मिळालं नाही ते शस्त्रक्रियेमुळे नव्हे.

आम्ही साताऱ्याचे. शस्त्रक्रिया पुण्यात झाली, डिसेंबर २०२१मध्ये. त्याआधी एक समुपदेशनाचं सत्र होतं. मोठ्या पडद्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो : आधी सैल पंजाबी ड्रेस आणि पडलेला चेहरा, नंतर जीन्स आणि हसू. या फोटोंच्या मागे काय असतं याचा मी आता बराच विचार करतो. ‘नंतर’चा फोटो एका दिवशी काढलेला असतो. त्या फोटोतली बाई दुसऱ्या दिवशी काय खाते, दहा वाजता खाल्लं तर बारा वाजता तिला काय होतं, हे फोटोत येत नाही. त्या सत्रात ‘आयुष्यभर पाठपुरावा आवश्यक’ अशी एक ओळ होती, एका स्लाइडच्या तळाशी. प्रत्यक्ष पॅकेजमध्ये पाठपुरावा होता एक वर्षाचा : आहारतज्ज्ञ, चार भेटी आणि व्हॉट्सअॅपवर एक को-ऑर्डिनेटर मॅडम.

आता यातला विनोद बघा. बायपासनंतर जेवणापाठोपाठ रक्तातली साखर कोसळण्याचा जो त्रास काही जणांना होतो, तो बहुधा पहिल्या वर्षात होत नाही. तो सुरू होतो साधारण वर्ष उलटल्यावर. म्हणजे वॉरंटी संपते आणि मग बिघाड सुरू होतो. हे कुणी मुद्दाम केलंय असं माझं म्हणणं नाही. पण मुद्दाम केलं असतं तरी यापेक्षा वेगळं काय केलं असतं?

तिची पहिली चक्कर चौदाव्या महिन्यात आली. तोवर वजन ७४ किलोवर आलं होतं आणि गल्लीतल्या काकू तिला थांबवून ‘काय खातेस गं?’ विचारत होत्या. को-ऑर्डिनेटर मॅडमना मी मेसेज टाकला. उत्तर आलं : ‘सर, आपला फॉलोअप पिरियड पूर्ण झाला आहे. कृपया जवळच्या फिजिशियनना दाखवा.’ शेवटी हात जोडल्याची दोन चित्रं.

मग सुरू झाला तो प्रवास ज्यांच्या घरात असं काही झालंय त्यांना पाठ असेल. विवाहित बाईला चक्कर आली की आपल्याकडे सर्वांत आधी एकच निदान होतं, आणि ते मराठी-हिंदी सिनेमाने केलेलं आहे. चाळिशी ओलांडलेल्या, कॉलेजात जाणारी मुलगी असलेल्या बाईला भर लग्नात ‘गोड बातमी का?’ असं विचारणारे नग मी पाहिले. ते संपलं की दुसरं निदान : ‘पाळी जायची वेळ आली असेल.’ तिसरं आईचं : ‘अगं, पित्त झालंय तुला, कोकम सरबत घे.’ आईच्या कोकम सरबतात ग्लासाला तीन चमचे साखर असते, याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. चौथं निदान शेजाऱ्यांचं : ‘अशक्तपणा. एवढंसं खाते, काय होणार दुसरं?’ आणि पाचवं कुणी उघड बोलत नाही पण सगळ्यांच्या डोळ्यांत असतं : नाटक.

डॉक्टरांकडे गेलो. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासले, ठीक. हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजी आणि चोवीस तासांचं होल्टर काढलं, ठीक. मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला, ठीक. प्रत्येक ठिकाणी खुर्चीत बसवून बीपी बघितलं, ११०-७० : ‘मॅडम, बीपी तर अगदी उत्तम आहे तुमचं.’ उपाशीपोटी साखर ८६, तीन महिन्यांची सरासरी ५.२ : ‘डायबिटीसचा प्रश्नच नाही.’ पाचव्यांनी म्हटलं, ‘कधी कधी आपण इतकं वजन कमी केल्यावर मनाला जुळवून घ्यायला वेळ लागतो,’ आणि झोपेची अर्धी गोळी लिहून दिली.

सहाव्यांनी साखरेचीच शंका घेतली, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. पण त्यांनी सांगितली ती ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची नेहमीची चाचणी. बायपास झालेल्या माणसाला ही चाचणी करू नये, त्याऐवजी प्रथिनं-स्निग्ध-पिष्ट असं मिश्र जेवण देऊन साखर मोजावी, असं तज्ज्ञांचं सांगणं आहे. अंड्याएवढं जठर उरलेल्या माणसाच्या आतड्यात एवढा गोड पाक एकदम ओतला की काय होतं ते मी लॅबच्या बाकड्यावर पाहिलं. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामाने ब्लाऊज भिजला, मग ओकारी, मग आडवी. लॅबमधल्या मुलीने घाबरून चाचणी थांबवली. फायलीत शेरा आला : ‘रुग्णाने चाचणी पूर्ण केली नाही.’ हा शेरा मी जपून ठेवलाय. आजार दिसायला लागला तो क्षण आणि त्याची नोंद रुग्णाच्या असहकाराची.

इथवर मी दुसऱ्यांवर चिडलो. आता स्वतःबद्दल, कारण नाहीतर या चिडण्याला अर्थ उरणार नाही.

तिसऱ्या महिन्यात मलाही वाटायला लागलं की हिचं काहीतरी मनाचं आहे. एमआरआयसकट सगळं ठीक म्हणजे ठीकच, असं माझ्यासारख्या हिशेब तपासणाऱ्या माणसाच्या डोक्याला वाटतं. शिवाय ती बदलली होती. दुपारी बाराएकच्या सुमाराला ती अचानक तुसडी व्हायची. साधं ‘किल्ली कुठंय?’ विचारलं तरी खेकसायची, मग गप्प, मग दहा मिनिटं शून्यात बघत बसायची. मी याला स्वभाव म्हणालो. बारीक झाल्यावर शिंगं फुटली असं एकदा म्हणालो, आईसमोर. साखर उतरलेल्या मेंदूची चिडचिड आणि गोंधळ हे लक्षण असतं, हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसताना माणूस गप्पही बसू शकतो. मी बसलो नाही.

एका दुपारी ती देवघरापाशी भिंतीला टेकून बसली होती. मी मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, ‘परत का?’ तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘अहो, मी नाटक करत नाहीये.’ तिच्यावर मी नाटकाचा आरोप कधी तोंडाने केला नव्हता. तो तिला न करताच ऐकू गेला होता.

त्या रात्री वही घेतली. ठरवलं, आता निदान करायचं नाही, फक्त लिहायचं. तारीख, वेळ, शेवटचं खाणं कधी आणि काय, बसली होती की उभी, किती वेळ राहिलं, कशाने बरं वाटलं. आणि एक शेवटचा रकाना : तिचे शब्द. ती जे म्हणेल ते जसंच्या तसं, माझ्या भाषांतराशिवाय.

तीन आठवड्यांत तो शेवटचा रकाना बोलायला लागला. मराठीत चक्कर हा एक शब्द नाही, तो शब्दांचा एक मोठा वाडा आहे. गरगरतं तेव्हा खोली फिरते. अंधारी येते तेव्हा डोळ्यांपुढचं विझतं. भोवळ येते, घेरी येते, झीट येते, तोल जातो, डोकं हलकं होतं, हातपाय गळतात, पाय लटपटतात, कापरं भरतं. ज्याला यातलं एक होतं तो सहसा दुसऱ्याचा शब्द वापरत नाही. माझी बायको मराठी शिकवते. ती शब्द चुकवत नव्हती. वहीत सकाळच्या नोंदींसमोर तिने दरवेळी ‘अंधारी’ म्हटलं होतं : अंथरुणातून उठताना, न्हाणीघरातून बाहेर पडताना, वर्गात खाली पडलेला खडू उचलून सरळ होताना. अर्ध्या मिनिटात संपणारी. दुपारच्या नोंदींसमोर एकदाही ‘अंधारी’ नव्हतं. तिथे होतं ‘आतून रिकामं झाल्यासारखं’, ‘हात थरथरतात’, ‘घाम’, ‘समोरचा काय बोलतोय ते पोचत नाही’. वीस-पंचवीस मिनिटं टिकणारं, आणि बहुतेक वेळा खाल्ल्यावर दीड ते अडीच तासांनी.

म्हणजे तिला एक नाही, दोन वेगळ्या गोष्टी होत होत्या. सहा डॉक्टरांनी त्या दोन्ही ‘गिडीनेस’ या एका इंग्रजी शब्दात कोंबल्या, आणि मग त्या शब्दाचं एक कारण शोधायला निघाले. सापडेल कसं? ती डॉक्टरांपुढे ‘अंधारी येते’ आणि ‘रिकामं वाटतं’ असं दोन्ही सांगत होती. कागदावर उतरेपर्यंत दोन्हींचं एकच होत होतं.

सकाळची गोष्ट सोडवणं लाजिरवाणं सोपं निघालं. बीपीचं मशीन घेतलं. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजलं : ११२-७०. उभं करून मिनिटाने मोजलं : ८६-५८. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर तो आजार धरतात. तिचा २६ आणि १२ उतरत होता. आणि मग फायलीतल्या गोळ्यांची यादी काढून बसलो. शस्त्रक्रियेनंतर रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एक बंद झाली होती. दुसरी चालूच होती, जुन्याच मात्रेत. गोळी ११८ किलोच्या बाईला दिलेली होती आणि खात होती ७४ किलोची बाई. सहा जणांनी ती गोळी कागदावर वाचली. प्रत्येकाला वाटलं, ज्याने लिहिली तो बघेल. ज्याने लिहिली त्याच्याकडे आमचा ‘फॉलोअप पिरियड पूर्ण’ झालेला. खुर्चीत बसवून बीपी घेतलं तर उत्तमच येणार. तिला त्रास बसल्यावर होतच नव्हता. घरच्या डॉक्टरांना आकडे दाखवले, त्यांनी मात्रा आधी निम्मी केली, मग बंद केली. (वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा.) दोन आठवड्यांत वहीतली ‘अंधारी’ संपली.

दुपारची गोष्ट आषाढी एकादशीला उलगडली. २९ जून २०२३. त्याच दिवशी बकरी ईद होती, त्यामुळे शाळेला सुट्टी आणि आम्ही दोघं घरी. आहारतज्ज्ञांनी सांगितलं होतं ‘गोड टाळा’, आणि ती ते इमानाने पाळत होती. साताऱ्यात राहून दीड वर्षात तिने कंदी पेढ्याचा कणही तोंडात घातला नव्हता. पण साबुदाण्याला गोड कोण म्हणतं? साडेदहाला तिने लहानशी वाटी खिचडी आणि थोडा रताळ्याचा कीस खाल्ला. बारा चाळीसला हातातली वाटी सुटली. घाम, थरथर, डोळे माझ्याकडे पण बघणं माझ्याकडे नाही. आईचा ग्लुकोमीटर कपाटावर होता, दोन वर्षं रोज सकाळी तिथेच. बोट टोचलं. ४७.

साखर-पाणी दिलं, दहा मिनिटांत माणसात आली. लक्षणं आहेत, तेव्हा मोजलेली साखर खाली आहे, आणि साखर दिल्यावर लक्षणं जातात : या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर साखर उतरण्याचंच दुखणं समजावं, हे अॅलन व्हिपल नावाच्या न्यूयॉर्कच्या शल्यविशारदाने १९३०च्या दशकात सांगून ठेवलंय. मला ते नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त त्या लहानशा पडद्याकडे बघत होतो. ५४च्या खाली आकडा गेला की प्रकरण गंभीर धरतात. चार महिने ती या आकड्यांत शाळेचा जिना चढत होती, स्कूटर चालवत होती.

यामागचं यंत्र समजायला अवघड नाही. आपलं जठर अन्न साठवून आतड्यात थोडं थोडं सोडतं. बायपासमध्ये जठराची अगदी छोटी पिशवी उरते आणि ती थेट लहान आतड्याला जोडलेली असते. पिष्टमय किंवा गोड अन्न आतड्यात एकदम उतरतं, साखर रक्तात झपाट्याने चढते, आतड्यातली संप्रेरकं स्वादुपिंडाला धावपळ करायला लावतात, इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, आणि एक ते तीन तासांनी साखर तळ गाठते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. पोहे, मऊ भात, पाव, सगळे त्याच वाटेचे. आणि आता आमच्या प्रेमळ उपचारांकडे बघा. चक्कर आली की आम्ही तिला काय देत होतो? कोकम सरबत, लिंबू सरबत, ग्लुकोज पावडर. साखर तळाला असताना साखर द्यावीच लागते, त्यात चूक नव्हती. चूक पुढची होती. त्यामागून दाणे, पनीर, अंडं असं काही दिलं नाही, तर ती साखरही तशीच चढून तशीच कोसळते. तिला कधी कधी दुपारी दोनदा व्हायचं, त्यातलं दुसरं बहुधा आमचंच कर्तृत्व होतं.

रिपोर्ट नॉर्मल का होते, हेही मग लख्ख दिसलं. रक्त घेतलं जायचं सकाळी, उपाशीपोटी. तिला त्रास व्हायचा जेवणानंतर दोन तासांनी. तीन महिन्यांची सरासरी ही सरासरी असते. वर गेलेले आणि खाली गेलेले आकडे त्यात एकमेकांना पुसून टाकतात. घर दुपारी लुटलं जात होतं आणि पंचनामा रोज पहाटे होत होता. तपासण्या खोट्या नव्हत्या. त्या चुकीच्या वेळी, चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत होत्या.

हे ज्ञान काही गुप्त नाही. जठराचा भाग काढल्यावर अन्न असं ढासळतं हे अल्सरसाठी जठर कापायचे त्या काळापासून माहीत आहे. लठ्ठपणासाठी पहिली बायपास १९६६ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी केली. बायपासनंतर जेवणामागून साखर कोसळणाऱ्या सहा रुग्णांचा अहवाल मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. २०२३ साली आमच्यासाठी ते गूढ होतं, याचं कारण विज्ञानाची मर्यादा नाही. ज्याला माहीत होतं त्याचा आमच्याशी असलेला व्यवहार संपला होता, आणि ज्यांच्याकडे आम्ही जात होतो त्यांनी शस्त्रक्रिया हा जुना इतिहास समजून पान उलटलं होतं.

यावर उत्तर येतं, ‘डॉक्टरांना वेळ कुठे असतो? एका रुग्णाला पाच मिनिटं.’ खरंय. म्हणूनच मी कुणाची नावं घेत नाहीये. पण पाच मिनिटांत ‘खाल्ल्यावर किती वेळाने होतं?’ हा प्रश्न बसतो. सहा जणांपैकी एकानेही तो विचारला नाही. एमआरआयला तासभर लागला होता. आपल्याकडे यंत्राला वेळ आहे, वाक्याला नाही.

दुसरं उत्तर विम्याचं. विमा नियामकाच्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा गंभीर सहव्याधी असतील तर ३५ असल्यावर ही शस्त्रक्रिया विम्यात बसू शकते. चांगलं आहे. पण विमा बहुतेक वेळा भरती असलेल्या शरीराचे पैसे देतो. पुढची वर्षानुवर्षं लागणारी रक्ततपासणी, बी-१२, लोह, जीवनसत्त्वं, दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर, पुण्याच्या फेऱ्या, हे सगळं घरखर्चात. म्हणजे कापण्याचे पैसे संस्था देते आणि कापल्यानंतर जगण्याचे पैसे कुटुंब देतं. पैशांपुरतं असतं तरी ठीक. निरीक्षण, नोंदी, शंका, दुसरं मत, सगळंच कुटुंबावर सोडलेलं आहे. आणि ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे बहुतेक वेळा बाई असा होतो. मी पुरुष असून हे केलं म्हणून नातेवाईक माझं कौतुक करतात : ‘किती करतो बायकोचं!’ माझ्या वडिलांच्या आजारपणात आईने अकरा वर्षं गोळ्यांची वही ठेवली होती, तिचं असं कौतुक केलेलं मला आठवत नाही. ज्या घरात वही ठेवायला कुणी नाही, किंवा ज्या बाईचा नवरा मोबाइलमधून मान वर काढत नाही, तिथे काय होतं? ती जिन्यात पडते आणि सगळे म्हणतात, अशक्तपणा.

म्हणून मागणी साधी आहे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्याने पाठपुराव्याचं वर्ष नव्हे, वर्षं द्यावीत. ते जमत नसेल तर घरी पाठवताना एक पान द्यावं, मराठीत. त्यावर लिहावं : पहिली दोनचार वर्षं चक्कर आली तर या गोष्टी बघा. झोपून आणि उभं राहून बीपी. त्रास होत असतानाची साखर. जुन्या गोळ्यांच्या मात्रा. पाणी पुरेसं जातंय का. बी-१२ आणि लोह. सतत उलट्या होत असतील आणि तोल जात असेल, नजर दुहेरी होत असेल, माणूस बरळत असेल तर थायमिनची कमतरता असू शकते, त्याच दिवशी रुग्णालय गाठा, थांबू नका. आणि ग्लुकोज पिण्याची चाचणी कुणी सांगितली तर हे पान दाखवा. एवढंच. एका पानाचा खर्च ‘आधी-नंतर’च्या एका फ्लेक्सपेक्षा नक्की कमी येईल. बाकीच्या डॉक्टरांकडे मागणी त्याहून लहान आहे : रुग्ण जो शब्द वापरतो तो शब्द लिहा. भाषांतर नंतर करा.

ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याला संप्रेरकतज्ज्ञांकडे गेलो. मी वही पुढे केली तेव्हा मनात भीती होती, की गुगल वाचून आलेला नवरा म्हणून हेही वैतागणार. त्या बाईंनी चष्मा पुसला, वही सुरुवातीपासून वाचली आणि बायकोला विचारलं, ‘रिकामं म्हणजे पोटात की डोक्यात?’ बायकोने दहा मिनिटं उत्तर दिलं. इतकं सलग ती कुठल्या डॉक्टरपुढे बोललेली मी पाहिली नव्हती. मग मिश्र जेवणाची रीतसर चाचणी झाली, इन्शुलिनही मोजलं गेलं, आजाराला नाव मिळालं. औषध म्हणाल तर अकार्बोज, मधुमेहाची एक जुनी गोळी, पिष्टाचं पचन मंद करणारी. बाकी सगळं ताटात : आधी उसळ, अंडं किंवा पनीर, मग अर्धी भाकरी, जेवताना पाणी नाही, तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी. उपास बंद. एकादशीला साबुदाणा नाही म्हटल्यावर आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच दाण्याची आमटी केली.

चकरा पूर्ण गेल्या असं नाही. महिन्यातून एखादी येते, लग्नाकार्यात जेवणाची वेळ टळली की हमखास. पण आता ती आधीच ओळखते, पर्समधून ग्लुकोजची गोळी काढते, मागून मूठभर दाणे, आणि शेजारणीशी बोलणं चालू ठेवते. स्कूटर पुन्हा सुरू झाली आहे, निघायच्या आधी बोट टोचून.

राहता राहिला मी. वहीची सवय मला जडली. ‘काय खाल्लंस? किती वाजता? मोजलंस?’ असं मी दिवसातून इतक्या वेळा विचारू लागलो की तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तोच भाव आला, जो ‘परत का?’ विचारल्यावर आला होता. अविश्वासाचा नवरा जाऊन पहाऱ्याचा नवरा आला, एवढाच बदल. गेल्या दिवाळीत तिने वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या कपाटात ठेवली. आता नोंदी ती करते, तिच्या अक्षरात, आणि दर तीन महिन्यांनी खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याला जाताना ती वही तिच्या मांडीवर असते. मी फक्त गाडी चालवतो.